कांचेची तोफ



ज्या खेळांत हजारों माणसें आपापल्या घरीं बसून, संगणकाच्या जाळ्यानें एकमेकांशीं जोडलीं जाऊन, एकाच कल्पित राज्यांत एकाच वेळीं वावरतात, त्या खेळांतील एका पात्राविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे. या खेळांना भूमिकेचे खेळ म्हणतां येईल. कारण येथें खेळणारा सोंगट्या हलवीत नाहीं, तर एक सोंग घेतो आणि तें महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें वागवितो. कोणी ढाल-तलवारीचा वीर होतो, कोणी जखमा भरून काढणारा वैद्य, कोणी धनुर्धारी, तर कोणी मंत्रविद्या जाणणारा. यांतले शेवटचे दोघे आजच्या भाषणाचे विषय आहेत. दुरून मारावें, भयंकर मारावें, आणि स्वतःवर दोन घाव आले तर मात्र कोलमडून पडावें, असा यांचा जन्मजात स्वभाव. खेळणारीं मुलें अशा पात्राला ‘ग्लास कॅनन’ म्हणतात. आपण त्याला कांचेची तोफ म्हणूं. हें सोंग पुष्कळ मुलांना मोहविते आणि पुष्कळांना तें नीट वठवितां येत नाहीं. असें कां व्हावें, हा आजचा प्रश्न आहे.

या पात्राची कुळकथा फार जुनी नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ निघाला. तो संगणकावरचा नव्हता. चार मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसून, फांसे टाकीत, तोंडानें कथा सांगत खेळावयाचा होता. १९७८ सालीं त्याच्या वाढविलेल्या नियमांचें जें पुस्तक निघालें, त्यांत योद्ध्याचें जीवनबळ दहा बाजूंच्या फांशानें ठरे आणि मांत्रिकाचें चार बाजूंच्या. मांत्रिकाला चिलखत घालण्याची मनाई होती. म्हणजे नवखा मांत्रिक सामान्यतः फार तर चार गुणांचा धनी, आणि साध्या खंजिराचा एक वारहि चार गुणांपर्यंत जाऊं शके. आरंभीं त्याला दिवसांतून एकच मंत्र म्हणतां येई. तो संपला कीं बिचारा काठी घेऊन उभा. पण हाच मांत्रिक जगला, वाढला आणि त्याला अग्निगोलाचा मंत्र साधला, म्हणजे खोलीभर शत्रू तो एका क्षणांत भस्म करी.

हा नियम करणाऱ्यांचें मांत्रिकाशीं कांहीं वैर नव्हतें. मारण्याचें, सोसण्याचें आणि बरें करण्याचें, अशीं तिन्ही बळें एकाच पात्राला दिलीं असतीं, तर त्याला सोबत्यांची गरज उरली नसती. आणि सोबत्यांची गरज उरली नाहीं म्हणजे चौघांनीं मिळून खेळण्याचें कारणच संपलें. पुढें संगणकाच्या जाळ्यावर जे खेळ आले, त्यांतील अनेकांनीं हीच वांटणी उचलली. २००४ सालीं निघालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा त्यांतला अतिशय गाजलेला खेळ. त्यांत वीर पोलादी पत्रे अंगावर चढवितो, आणि मांत्रिक कापड नेसतो. कापड हें त्या जगांतलें सर्वांत दुबळें कवच होय.

या खेळांत गुहेंत उतरावयाचें तें पांच जणांच्या पथकानें. एक पुढें उभा राहून घाव झेलतो, एक जखमा भरतो, आणि तिघे शत्रूला मारतात. पुढें उभा राहणाऱ्याला खेळाडू ‘टँक’ म्हणतात. ज्या शहरांत भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचें केंद्र आणि शाळा आहे, त्या अहमदनगरच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. या शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें; बोलतांना मात्र लोक अजूनहि नगरच म्हणतात, आणि आजच्या विषयाचे दाखले बहुतेक मला नगराकडूनच घ्यावयाचे आहेत.

त्यापूर्वीं खेळांतला एक हिशेब सांगितला पाहिजे. गुहेंतला राक्षस संगणक चालवितो. त्यानें कोणावर धांवून जावें, याची एक वही यंत्र ठेवीत असतें. जो घाव घालील त्याच्या नांवें राक्षसाचा राग जमा होतो; जितका मोठा घाव, तितका मोठा राग. टँकच्या अंगीं हा राग अधिक प्रमाणांत आपल्याकडे ओढून घेण्याची विद्या असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्यें नियम असा कीं, जवळून लढणाऱ्याच्या नांवावरचा राग टँकच्या ११० टक्क्यांपलीकडे गेला तर राक्षस टँकला सोडून त्याच्याकडे वळतो; दुरून लढणाऱ्याला ही मर्यादा १३० टक्क्यांची आहे. मधले वीस टक्के हें दूर उभें राहण्याचें बक्षीस. पण बक्षिसालाहि सीमा आहे. टँकनें राक्षसाला पुरतें आपल्याकडे वळविण्यापूर्वींच मांत्रिकानें आपला सर्वांत मोठा मंत्र सोडला, तर ती सीमा एका फटक्यांत ओलांडली जाते, राक्षस कापडाच्या वस्त्राकडे वळतो, आणि पुढें काय होतें तें सांगावयास नकोच.

हा हिशेब यंत्रानें प्रथम शोधला असें मात्र नाहीं. नगरच्या निजामशाहीनें तो साडेचारशें वर्षांपूर्वीं रणांगणावर मांडून दाखविला होता. २३ जानेवारी १५६५ रोजीं कृष्णेच्या परिसरांत जी लढाई झाली, तिला आपण तालिकोटची लढाई म्हणतों. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दक्षिणेंतले सुलतान एकत्र आले होते, आणि त्यांच्या फळीच्या मध्यभागीं अहमदनगरचा हुसेन निजामशहा होता. इतिहासकार फेरिश्ता पुढें विजापुरास गेला, परंतु त्यापूर्वीं तो नगरच्या दरबारीं होता. तो लिहितो कीं, निजामशहाच्या तुकडीपुढें सहाशें तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या. पहिल्या रांगेंत अवजड तोफा, दुसरींत त्यांहून हलक्या, तिसरींत जंबुरे. आणि त्या सांखळदंडांनीं व दोरखंडांनीं एकमेकींस जखडलेल्या होत्या. तोफखान्याचा अधिकारी रूमीखान हा अनुभवी माणूस होता. त्यानें काय केलें? एवढें बळ हातीं असतां तें त्यानें प्रथम झांकून ठेवलें. तोफांच्या पुढें दोन हजार परदेशी तिरंदाज उभे केले. त्यांनीं बाण सोडीत शत्रूला जवळ येऊं दिलें, आणि तो टप्प्यांत आला तेव्हां ते बाजूला सरले. मग तोफा सुटल्या. पुढें शत्रू पुन्हां चालून आला, तेव्हां तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून अगदीं जवळून त्या डागल्या. आणि त्यानें फळी विस्कळित होतांच तोफांच्या मधल्या वाटांनीं घोडदळ सोडलें.

फेरिश्त्याचे आंकडे तंतोतंत खरे मानावेत असें मी म्हणत नाहीं. परंतु या रचनेंतला क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आधीं कोणीतरी पुढें उभें राहतें, मग वाट पाहणें होतें, मग तोफेचा बार, आणि बार संपल्यावर पुन्हां दुसरें कोणी पुढें होतें. तोफेचा म्हणून जो क्षण आहे, त्याच्या दोन्ही बाजूंस दुसऱ्यांचें काम आहे. ज्या दोन हजारांनीं शत्रूच्या आणि तोफांच्या मधली जागा राखली, त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव आपणांस सांगतां येत नाहीं. रूमीखानाचें नांव मात्र इतिहासांत राहिलें.

कांचेची तोफ हें नांव तसें थोडें फसवें आहे. खरी तोफ ओतीव धातूची असते. १५४९ सालीं अहमदनगरांत एका रूमी, म्हणजे तुर्की मुलखांतल्या, कारागिरानें ओतलेली मुलूखमैदान तोफ आजहि विजापुरच्या शेरझा बुरुजावर आहे. १६३२ सालीं ती परांड्याहून तिकडे गेली. तिची लांबी साडेचार मीटरांच्या जवळपास, तोंडाचा व्यास सुमारें ७० सेंटिमीटर, आणि वजन सुमारें ५५ टन सांगतात. हत्तीला जबड्यांत धरलेल्या सिंहाचें मुख तिच्या तोंडाशीं घडविलें आहे. हिला कांचेची कोण म्हणेल? पण तिच्याजवळचा गोलंदाज हाडामांसाचाच होता. बुरुजावर पाण्याचें टांकें आहे. बत्ती दिली कीं गोलंदाज कानठळ्यांपासून बचाव करण्यासाठीं त्यांत बुडी मारी, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मर्म खरें आहे. एक बार झाला म्हणजे नळी पुसणें, दारू ठासणें, गोळा बसविणें, नेम धरणें, एवढें सारें होईपर्यंत कोणतीहि तोफ मुकी असते. त्या मुक्या वेळांत मूठभर घोडेस्वार येऊन पोंचले, तर कितीहि टन धातु असो, त्याचा कांहीं उपयोग नाहीं. कांच असते ती दोन बारांमधल्या या वेळांत.

खेळांतल्या मांत्रिकाचेंहि असेंच आहे. मोठा मंत्र म्हणावयास दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यांत शत्रूनें आघात केला तर मंत्र लांबतो, कधीं तुटतो. कांहीं मंत्र एकदां वापरले कीं बराच वेळ पुन्हां वापरतां येत नाहींत. धनुर्धारी शिकाऱ्याला तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्यें २०१२ सालापर्यंत अगदीं जवळ आलेल्या शत्रूवर बाणच सोडतां येत नसे. ज्वारीच्या शेतांत माळ्यावर गोफण घेऊन उभा असलेला राखणदार पांखरांचा थवा दुरून उडवून लावतो. परंतु रानडुकर माळ्याच्या पायथ्याशीं येऊन ठेपलें, तर त्याची गोफण काय करणार? दुरून मारणाऱ्याचें खरें कवच त्याच्या आणि शत्रूच्या मधलें अंतर हें आहे. तें कमी होत चाललें कीं तो आपलें चिलखत उतरवीत चालला, असें समजावें.

आतां कोणी विचारील, पुढें उभा राहणारा कोणी नसेलच तर? असे प्रसंग खेळांत येतात. टँक पडतो, किंवा खेळाडू एकटाच रानांत सांपडतो. अशा वेळीं अंतर स्वतःच निर्माण करावें लागतें. शत्रूची चाल मंद करावी, एक घाव घालावा, मागें सरावें, पुन्हां घाव घालावा. याला खेळाडू ‘काइटिंग’ म्हणतात. मुलानें दोरी धरून पळावें आणि पतंग मागोमाग यावा, तसा शत्रू मागें येत राहतो, पण त्याचा हात पोंचत नाहीं.

या विद्येचा थोर नमुना नगर जिल्ह्यांतच पाहावयास सांपडतो. १६२४ सालीं नगर शहराजवळच भातवडी येथें मलिक अंबरानें मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. उघड्या मैदानांत समोरासमोर उभें राहून त्या अवजड सैन्याशीं टक्कर देणें अंबराला परवडणारें नव्हतें. त्याचें बळ हलक्या घोडदळांत होतें, आणि हलकें घोडदळ म्हणजे वेग पुष्कळ व कवच थोडें. म्हणून त्यानें भातवडीच्या तलावाचें पाणी सोडून शत्रूची वाट व छावणी चिखलांत घातली, रसद तोडली, आणि छाप्यांवर छापे घालून त्याला जेरीस आणलें. मगच निकराचा घाव घातला. मांत्रिक बर्फाच्या मंत्रानें शत्रूचे पाय जखडतो. अंबरानें ते पाण्यानें आणि चिखलानें जखडले. शहाजीराजे भोसले या लढाईंत निजामशाहीच्या बाजूनें होते, आणि त्यांचे बंधु शरीफजी याच लढाईंत पडले. तेव्हां हा मार्गहि फुकटचा नव्हे.

नगरांत १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. तेथें जाणाऱ्या मुलांचे डोळे सहाजिकच सर्वांत जाड कवचाच्या गाड्यांकडे वळतात. त्यांनीं ‘आर्चर’ नांवाची गाडीहि थांबून पाहावी. नांवाचा अर्थच तिरंदाज. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या सांगाड्यावर १७ पौंडी तोफ चढवून ती बनविली. तोफ इतकी जबर कीं जर्मनांचे भारी रणगाडे भेदावे. गाडी मात्र वरून उघडी आणि कवचानें पातळ. तिच्या तोफेचें तोंड गाडीच्या पाठीमागच्या बाजूस आहे. लहानशा सांगाड्यावर लांब नळी बसविण्याच्या अडचणींतून ही रचना झाली. पण तिचा फायदा असा झाला कीं, दबा धरून गोळा डागावा आणि गाडी न वळवितां सरळ पुढें निघून जावें. कोठून मारावें या प्रश्नाइतकाच मारल्यावर कोठें जावें हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हें ही गाडी पाहिली कीं चटकन उमगतें. चांगला खेळाडू गुहेंत पाऊल टाकतांच जागा हेरतो. आपल्यापर्यंत वैद्याची विद्या पोंचेल कीं नाहीं, पाठीशीं भिंत आहे कीं वाट आहे, आणि घात झालाच तर राखून ठेवलेला सुटकेचा मंत्र हातीं आहे कीं नाहीं, हें तो आधीं पाहतो. सुटकेचा मंत्रहि घाव घालण्याच्या भरांत उधळून टाकणारा खेळाडू फार काळ टिकत नाहीं.

याच संग्रहालयांत अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडा आहे. तो पाहतांना १९६५ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील असल उत्तरची लढाई आठवल्यावांचून राहत नाहीं. पंजाबांतील खेमकरण भागांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले, तेव्हां ४ ग्रेनेडियर्स पलटणीचे हवालदार अब्दुल हमीद यांच्यापाशीं काय होतें? एक उघडी जीप, आणि तिच्यावर १०६ मिलिमीटरची धक्काविरहित तोफ. या तोफेचा गोळा पॅटनला फोडूं शके. पण तिच्या मागून जो जाळ आणि धूळ उठे, त्यानें तिची जागा शत्रूला लगेच कळे, आणि जीपला तर बंदुकीच्या गोळीपासूनहि संरक्षण नव्हतें. हमीद यांनीं उभ्या पिकाच्या आडोशानें शत्रूच्या बगलेस जाऊन पुढचा रणगाडा उडविला, लगेच जागा बदलली, आणि दुसरा उडविला. १० सप्टेंबर रोजीं असेंच लढत असतां शत्रूचा तोफगोळा लागून ते धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें. 

हें उदाहरण सांगतांना मला एका गोष्टीचें भान ठेवलें पाहिजे. खेळांत पडलेला मांत्रिक थोड्या वेळानें पुन्हां उठतो, आणि जीपमधला माणूस उठत नाहीं. या दोहोंस एका पंक्तीस बसवावयाचें नाहीं. तरीपण कवच नसलेल्या माणसानें मोठें शस्त्र कसें वापरावें, याचें जें शहाणपण आहे, तें दोन्हीकडे एकच आहे. आणि ज्यानें तें खऱ्या रणांगणावर प्राण देऊन पाळलें, त्याचें नांव खेळणाऱ्या मुलांना ठाऊक असावें, असें मला वाटतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. हें सोंग पुष्कळांना नीट वठवितां कां येत नाहीं? माझ्या मतें, त्याचें कारण बोटांच्या चपळाईंत नाहीं. खेळाच्या अखेरीस कोणी किती घाव घातले याचा तक्ता पडद्यावर दिसतो, आणि त्या तक्त्यांत कांचेच्या तोफेचें नांव सहज वर येतें. ज्यानें शंभर घाव अंगावर घेतले त्याचें नांव तेथें खालीं असतें, आणि ज्यानें सर्वांना जिवंत ठेवलें त्याचें बहुधा शेवटीं. कोवळ्या वयाचा खेळाडू, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो तक्ता पाहतो आणि विजय आपला एकट्याचा असें समजूं लागतो. मग टँकची वाट पाहणें त्याला सोसत नाहीं. वैद्य मागें राहिला तरी तो पुढें घुसतो. एका शत्रूवर मारा करावयाचा असतां खोलीभर अग्निवर्षाव करून निजलेले दहा जागे करतो. मग पथक पडतें. आणि पडल्यावर तो म्हणतो, टँक कच्चा होता, वैद्य झोपला होता, माझा आंकडा तर सर्वांत वर आहे. आंकडा वर असतो हें खरें. पण गुहा मात्र जिंकलेली नसते.

याच्या उलट, ज्याला हें सोंग साधलें तो खेळाडू ओळखूं येतो तो त्याच्या थांबण्यावरून. टँकच्या नांवावर पुरेसा राग जमेपर्यंत तो हात आवरतो. राक्षस आपल्याकडे वळूं लागला असें दिसतांच, अगदीं मोठा मंत्र तोंडांत असला तरी, तो गिळतो. ज्याच्यावर टँकनें हत्यार उगारलें आहे त्याच शत्रूवर तो मारा करतो. गुहेच्या शेवटीं तक्ता निघाला म्हणजे तो प्रथम टँकला आणि वैद्याला शाबासकी देतो, कारण आपण उभे होतों ती जागा कोणी राखली, हें त्याला ठाऊक असतें.

ज्यांच्या घरीं असा खेळ चालतो, त्या आईबापांना माझें एक सांगणें आहे. मुलगा किती वेळ खेळतो हें तर विचाराच. पण कधींतरी त्याच्याजवळ बसून, तुझ्यापुढें आज कोण उभें होतें, असेंहि विचारा. त्याला नांव सांगतां आलें, तर खेळानें त्याला कांहीं शिकविलें आहे असें समजा. दुरून काम करणारीं माणसें संसारांतहि पुष्कळ आहेत. कोणी लेखणीनें मारतो, कोणी वाणीनें. आपण मराठी माणसें तर जोरकस वक्त्याला मुलूखमैदान तोफच म्हणतों. अशा प्रत्येकाच्या पुढें घाव झेलणारे कोणीतरी असतात, आणि त्यांचीं नांवें तक्त्यावर नसतात. तीं विचारून घेण्याची संवय लहानपणींच लागली तर बरें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.